तेलाचा काटा

"हा आमचा मिस्तरी," दौलतराव म्हणाले. वर्ध्याच्या कापड लाइनीत, भर दुपारी, माझ्या तोंडावर. राम राम घालायला उचललेले माझे हात तसेच छातीशी राहिले. त्यांच्या शेजारी खादीचा कोट घातलेले एक उंच गृहस्थ उभे होते. त्यांनी मला नीट नमस्कार केला. दौलतरावांनी मात्र माझ्या हातांकडे पाहिलं. हात काळे होते. काळे असणारच, सकाळपासून मी कापसाच्या एका जिनातल्या बॉयलरचा काटा उघडून बसलो होतो. "चांगला कारागीर हाय. काई बिघडलं का यालेच बोलावतो," दौलतराव त्या गृहस्थांना सांगत होते. मग मला म्हणाले, "बरं, येतो मिस्तरी." आणि दोघं दुकानाच्या पायऱ्या चढून आत गेले. मी रस्त्याच्या मधोमध उभा. एक सायकलवाला घंटी वाजवून वाजवून शेवटी शिवी देऊन गेला. ती शिवी मला बरी वाटली. निदान ती नेमकी मलाच होती.

दौलतराव माझे साडू. त्यांची गोपिका आणि माझी प्रमिला सख्ख्या बहिणी. गोपिका थोरली म्हणून दौलतराव थोरले, एवढाच काय तो फरक, असं आमचे सासरे म्हणत. सासरे जुन्या वळणाचे. दिवाळीला दोघा जावयांना बोलावत, दोघांचे पाय एकाच परातीत धुवत, एकाच ठाणातलं धोतर दोघांना देत, आणि पाट जोडून मांडत. दौलतरावांची ओलिताची जमीन आणि संत्र्यांची बाग, माझी स्टेशनाकडच्या गल्लीतली पत्र्याची टपरी, ही गोष्ट त्या दोन पाटांच्या मधे कधी आली नाही. पुढे सासरे गेले आणि पाट जोडून मांडणारं कोणी उरलं नाही. पंगतीत मी आपोआप खाली सरकत गेलो. कोणी ढकललं नाही. माणसाला खाली सरकवायला ढकलावं लागतच नाही, फक्त वरच्या जागेवरून "इकडं या" म्हणणं बंद करायचं. तरी एवढी वर्षं मी स्वतःला समजावत होतो की खालच्या टोकाला का होईना, पंगत तीच आहे, वाढणारे हात तेच आहेत. आज कापड लाइनीत तेही गेलं.

मिस्तरी हा शब्द वाईट नाही. दिवसभर मला लोक त्याच नावानं हाक मारतात आणि मी ओ देतो. काटे दुरुस्त करणं हा माझा धंदा. जिनातले, प्रेसातले, पिठाच्या गिरणीच्या इंजिनावरचे. घड्याळासारखी गोल डबी, वर काच, आत आकडे आणि सुई. लोकांना वाटतं की सुईतच काहीतरी आहे. सुईत काही नसतं. मागे पितळेची एक चपटी नळी असते, विळ्यासारखी वाकवलेली, तोंडाशी बंद. वाफेचा नाहीतर तेलाचा दाब आत शिरला की ती बिचारी सरळ व्हायला पाहते, पण पूर्ण सरळ काही होता येत नाही, आणि त्या धडपडीत सुई हलते. दाब गेला की ती पुन्हा आपल्या वाकडेपणात येऊन बसते. मी हे काम मनापासून करतो, चांगलं करतो, आणि मिस्तरी म्हटल्याचं मला कधी दुःख झालेलं नाही. पण सासऱ्याच्या पाटावर बसलेल्या माणसाला उठवून, त्याच्या धोतराच्या सोग्याला धरून बाहेर काढून, मग जर कोणी मिस्तरी म्हटलं, तर तोच शब्द थोबाडीत मारल्यासारखा लागतो. घरी येईपर्यंत माझ्या कानशिलात तो वाजत होता.

प्रमिलेला सांगितलं तर तिनं सुपातली तुरीची डाळ पाखडणं थांबवलं नाही. यावरूनच मला कळायला हवं होतं. एरवी माझ्या टपरीवर कोणी आवाज चढवून बोलला तरी ती दोन दिवस त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. "मंग काय म्हनतील ते?" ती म्हणाली. "ते गिरडाकडचे तानबाजी पाटील होते. आपल्या पोरासाठी बेबीले मागणं घालून राह्यले." मी म्हटलं, दौलतरावांच्या बेबीला मागणं घालतायत तर मी तिचा मावसा नाही का? डाळ सुपात वर उडत होती, खाली पडत होती. मग खाली मान घालूनच तिनं सांगून टाकलं. दौलतरावांनी पाटलांना सांगितलं होतं की आमचे साडू पुलगावला मिलमध्ये इंजिनिअर आहेत. मोठे इंजिनिअर. बंगला आहे. "इंजिनिअर?" मी म्हणालो. "मंग काय सांगतील? टपरी हाय म्हनून?" प्रमिलेनं सूप खाली ठेवलं. "दोन ठिकाणून नाई आलं पोरीले. एकानं रंग पाह्यला, दुसऱ्यानं वय. आता हे घर चांगलं हाय. तुमाले काई होऊन राह्यलं का त्यानं? लग्न लागू द्या, मंग सांगत बसा साऱ्या गावाले, मी कोन हावो ते."

असा मी एकाचे दोन झालो. एक इंजिनिअर, बंगल्यात राहणारा, कोणी कधी न पाहिलेला. दुसरा हा, नखांत तेल असलेला. रात्री झोप आली नाही तेव्हा मी त्या इंजिनिअरचाच विचार करत होतो. त्याला सोन्याच्या काड्यांचा चष्मा असणार. तो जेवायला बसला की दौलतराव आपल्या हातानं त्याच्या पोळीवर तूप वाढत असणार. आणि खरं सांगायचं तर मला दौलतरावांचा आला नाही एवढा त्याचा राग आला. माझी बायको त्याची बायको होती. माझ्या सासऱ्यानं मांडलेल्या पाटावर तो बसला होता. बेबी त्याला मावसाजी म्हणणार होती.

बेबीबद्दल बोलायचं तर मला नीट बोलता येत नाही. आम्हाला मूल नाही. बेबी मराठी चौथी झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी दौलतरावांनी तिला आमच्याकडे वर्ध्याला आणून सोडली. एक पत्र्याची पेटी आणि तेल चोपडून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. ती मॅट्रिक होईपर्यंत आमच्याकडेच होती. शाळा सुटली की सरळ टपरीवर यायची, लोखंडाच्या ठोकळ्यावर बसून चिंचा खायची आणि मी उघडलेल्या काट्यांत नाक खुपसायची. "मावसाजी, हा काटा कोनाले भेते?" तिनं एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, दाबाले. "आन दाब कोनाले भेते?" ती खदाखदा हसली होती. तिला ताप आला तेव्हा प्रमिला आणि मी आळीपाळीनं जागलो. मॅट्रिकचा निकाल लागला, दौलतराव दमणी घेऊन आले आणि पेटीसकट तिला घेऊन गेले. जाताना ती रडली, पण दमणी वळणावर गेली तोवर ती बैलांच्या घुंगरांकडे पाहत होती. पोरगी ती. तिनं तसंच करायला हवं होतं. मी मात्र त्या दिवसापासून शाळा सुटायच्या वेळेला टपरीवर बसेनासा झालो, कुठल्यातरी जिनात काम काढून जाऊ लागलो. तेव्हा तिच्या लग्नासाठी मला दोन वेळा मिस्तरी म्हणवून घ्यायला काय जड होतं? काहीच नाही. आणि तरी जड होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्या तर माणसानं काय करायचं, हे कोणी शिकवत नाही.

चारआठ दिवसांनी दौलतरावांचा निरोप आला. तानबाजी पाटील मुलगी पाहायला येणार, आणि दौलतरावांच्या मनात पोरीबरोबर ट्रॅक्टर द्यायचा होता. त्या भागात ट्रॅक्टर कोणाकडे नव्हता. म्हणजे पाटलांना मुलगीही दाखवायची आणि ट्रॅक्टरही. पण ट्रॅक्टरच्या तेलाचा दाब दाखवणारा काटा मेला होता, सुई शून्यावर पडून होती, आणि मेलेला काटा पाहुण्यांना कसा दाखवायचा? दुसरा बसवून द्या. निरोप प्रमिलेकडे आला होता, माझ्याकडे नाही. मी जाणार नाही म्हटलं. मग रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झालो आणि सकाळी हत्यारं काढली. बेबीसाठी जातो, असं मी प्रमिलेला सांगितलं. खरं म्हणजे मला जाऊन त्यांच्यामधे उभं राहायचं होतं. दुखऱ्या दाताला जीभ लावून पाहावी तसं.

नाचणगावच्या बाजारात एक भंगारवाला बसतो. लष्करी लिलावातला माल त्याच्याकडे येतो. त्याच्या ढिगातून मी एक काटा उचलला. काचेला तडा होता, पण आतली नळी धडधाकट होती. एखाद्या लढाईतल्या गाडीचा असावा. ट्रॅक्टरच्या नळीचे आटे आणि याचे आटे जुळत नव्हते, म्हणून मी टपरीवर लेथवर पितळेचा जोड कातून घेतला. जोड असा बसला की बोटाला सांधा लागू नये. तो हातात घेऊन बसलो असताना थोडा वेळ मला बरं वाटलं. पितळेला सोयरीक विचारावी लागत नाही.

प्रमिलेला नेण्यासाठी पुलगाव स्टेशनवर दमणी आली होती. मी मागच्या गाडीनं गेलो आणि पायी निघालो. इंजिनिअरची बायको आणि मिस्तरी एका दमणीत बसून कसे येणार? हे कोणी बोललं नाही, ते आपोआप ठरलं. नाचणगाव मागे टाकलं, कपाशीत बाया वेचणी करत होत्या. पिशवीतला पाना चालताना ढोपराला लागत होता. चालता चालता मी बोलायची वाक्यं जुळवत होतो. दौलतरावांना सगळ्यांसमोर काय म्हणायचं ते. चांगली वाक्यं होती, टोकदार. एक तर इतकं चांगलं जमलं की मी रस्त्यातच मोठ्यानं म्हणून पाहिलं. बांधावरचा एक बैल तेवढा माझ्याकडे वळून पाहू लागला.

ट्रॅक्टर गोठ्याच्या शेजारच्या सपरात होता. स्वराज्य यायच्या आधी कोण्या गोऱ्या साहेबाच्या लिलावातून दौलतरावांनी घेतलेला. पेट्रोलवर सुरू करायचा आणि मग रॉकेलवर चालवायचा, असलं जुनं धूड. लाल रंग उडून विटकरी झाला होता, आणि आज त्याच्या नळकांड्याला झेंडूची माळ घातली होती. दौलतरावांचा सालदार गडी नत्थू हँडल मारायला माझ्याबरोबर दिला होता. नत्थू मला ओळखत होता. दिवाळीला दौलतरावांबरोबर तो सासऱ्यांकडे यायचा, सासरे माझ्या पायांवर पाणी घालताना त्यानं पाहिलेलं होतं, तेव्हापासून मला जावईबापू म्हणायचा. आज त्याला मिस्तरी म्हणायला सांगितलं असणार. ते त्याच्या तोंडून निघेना आणि जावईबापू म्हणायची सोय नाही, म्हणून बिचाऱ्यानं मला काहीच म्हटलं नाही. "ते नळी का?" "हे आनू का?" एवढंच. मेलेला काटा मी काढला, उघडला. आतली नळी पाठीवर उभी चिरली होती. इंजिनापासून काट्याकडे येणारी तांब्याची बारीक नळीही कडक होऊन गेली होती. ती शेगडीत लाल केली आणि पाण्यात टाकली, तेव्हा ती पुन्हा मऊ झाली. मग नवा काटा बसवला.

दौलतराव आले. आजूबाजूला पाहिलं, नत्थूला पाणी आणायच्या मिषानं घालवलं. "प्रभाकरराव, वाईट वाटू देऊ नका," ते म्हणाले. एकटे असले की मी प्रभाकरराव. "पोरीचं काम हाय. आन हे पाहा, थंडा असताना काटा चांगला वर जाते. गरम झालं का पडते, मले मालूम हाय. तवा गरम व्हायच्या आत बंद करजा." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. रस्त्यात जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. चष्म्यामागे त्यांचे डोळे लाल होते, रात्रभर जागलेले. आपला छळ करणारा माणूस आपल्यासारखाच घाबरलेला आहे हे दिसलं म्हणजे रागालाही कुठं बसायला जागा राहत नाही. मी म्हणालो, "बरं."

पाहुणे आले. तानबाजी पाटील, त्यांचे भाऊ, आणखी दोनचार भाऊबंद. ओसरीवर सतरंज्या, पानाचं तबक. सपरातून मला सगळं दिसत होतं. प्रमिला बाहेर आली तेव्हा मी तिला आधी ओळखलंच नाही. गोपिकेचा हिरवा शालू, गोपिकेच्या पाटल्या, गोपिकेची नथ. इंजिनिअरच्या बायकोला असायला हवं तेवढं सोनं तिच्या अंगावर होतं आणि ते तिला शोभत होतं, हे आणखी वाईट. तानबाजींनी तिला हात जोडले. "वहिनी, साहेब काऊन नाई आले?" प्रमिलेनं पदर सारखा केला. "त्याईले सुट्टी नाई भेटली," ती म्हणाली. आवाज कुठं अडला नाही. माझ्या हातातला पाना निसटला आणि ट्रॅक्टरच्या पत्र्यावर वाजला. सगळ्यांनी सपराकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही.

मग सगळे ट्रॅक्टर पाहायला आले. नत्थूनं हँडल मारलं. एकदा, पुन्हा एकदा, आणि इंजिन खोकत पेटलं. काळा धूर झेंडूच्या माळेतून निघाला. काटा सरसर वर चढला आणि थरथरत उभा राहिला. दौलतराव म्हणाले, "पाहा पाटील, नवा काटा. आमच्या साडूसाहेबाईनंच हा मिस्तरी पाठवला." तानबाजींनी मान डोलावली. "असे नातेवाईक पाह्यजेत," ते म्हणाले. मला हसू आलं. त्या साहेबानं मला पाठवलं होतं! दौलतरावांनी मला डोळ्यानं खूण केली, बंद कर. मी बंद केला नाही. ठरवून नाही, पण हात उठेना. तानबाजी म्हणाले, "वावरातून एक चक्कर मारू द्या की." नत्थू बसला, मी मागच्या पट्टीवर उभा राहिलो, बांधापर्यंत गेलो आणि आलो. इंजिन तापलं. काटा हळूहळू खाली यायला लागला. सपरापाशी येईपर्यंत तो पडलाच.

"हे काऊन खाली आलं, मिस्तरी?" तानबाजींनी विचारलं. दौलतराव काहीतरी बोलू लागले, पण पाटलांनी हात वर केला. "मिस्तरीले सांगू द्या." आणि मी सांगितलं. मला कोणी विचारलं याचाच मला इतका आनंद झाला होता. "गरम झालं का तेल पातळ होते, पाटील. आतल्या बेरिंगा झिजून गेल्या, दाब राहत नाई. काटा बरोबर हाय, इंजिन म्हातारं हाय. एक हंगाम निघन. दुसऱ्याचा भरवसा मी नाई देत." शब्द तोंडातून बाहेर पडत होते आणि मी दौलतरावांकडे पाहत होतो. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. पाहत होतो आणि मला गोड वाटत होतं, हेही लिहून टाकतो. मग मला बेबी आठवली. स्वयंपाकघरात नवं लुगडं नेसून बसलेली बेबी, जिच्यासाठी मी आलो होतो. तिसरा नकार मी माझ्या हातानं लिहून दिला होता. पण तानबाजी हसले. "खरा माणूस हाय," ते म्हणाले. "दौलतराव, ट्रॅक्टर ठेवा तुमच्याजवळच. मले पोरगी पाह्याची हाय, बेरिंगा नाई. ज्याचा मिस्तरी असा खरं बोलते, त्याचं घर खोटं नसन." माझा सूड उडून गेला आणि दौलतरावांची अब्रू उलट वाढली. माझ्या दुष्टपणालासुद्धा त्या घरात फळ धरेना.

गोष्ट इथं संपली असती तर मी पिशवी उचलून स्टेशनची वाट धरली असती. पण तानबाजी चांगला माणूस होता, आणि चांगल्या माणसाला पुरे कुठं करावं ते कळत नाही. ओसरीवर पानं मांडली जात होती. "चला मिस्तरी," ते म्हणाले, "हात धुवा. माह्या बाजूले बसा." मी म्हटलं, मला भूक नाही. "असं कसं? भरल्या घरातून कोनी उपाशी जाते काय?" त्यांनी माझा हात धरला, तेलकट होता तसा. ओसरीच्या पायरीपर्यंत नेला. पाट मांडलेले होते, जोडून. पुरणपोळीचा वास येत होता. कित्येक वर्षांत मला कोणी इतक्या वरच्या जागी बोलावलं नव्हतं. "कोन्तं गाव तुमचं? आडनाव काय?" तानबाजींनी सहज विचारलं.

आमच्यात आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न कुळाचा, त्याच्या पुढचा सोयऱ्यांचा, आणि पान वाढून होईपर्यंत कोण कोणाचा कोण ते निघालेलं असतं. आडनाव खोटं सांगावं तर तेही आमच्याच आडनावांतलं निघणार आणि प्रश्न तेच येणार. दौलतराव हातात लोटा घेऊन उभे होते. दाराच्या चौकटीत प्रमिला होती, आता ती माझ्याकडेच पाहत होती. तिच्या खांद्यामागून बेबी पाहत होती. गेल्या दिवाळीपेक्षा वाळली होती. मी साऱ्यांना टाळून बेबीकडे पाहिलं. तिनं एकदा, हळू का होईना, मावसाजी म्हटलं असतं तर मी पाटावर बसलो असतो आणि मग जे व्हायचं ते झालं असतं. तिचे ओठ हलले नाहीत. डोळे मात्र मोठे झाले होते, आणि त्या डोळ्यांत भीती होती. माझी भीती. मी काय बोलीन याची. ज्या पोरीला मी ताप उतरेपर्यंत मांडीवर घेऊन बसलो होतो, ती मला भीत होती.

"आमचं पाणी तुमाले चालणार नाई, पाटील," मी म्हणालो.

एवढंच. एवढ्यावर आडनाव नको, कूळ नको, सोयरे नकोत. एका वाक्यात मी आपली जात बदलली आणि सगळे प्रश्न मिटले. तानबाजींनी माझा हात सोडला. झिडकारला नाही, हळूच सोडला. मग तो आपला हात कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. "आमी नाई मानत तसं काई," ते म्हणाले, आणि ते खरंच ओशाळले होते. "आमी खादीवाले. पन पंगत हाय, संगं भाऊबंद हायेत... तुमी समजदार हा." मी म्हटलं, "हो पाटील." दौलतरावांनी मोठा श्वास सोडला. तो मला ऐकू आला.

सपरात, ट्रॅक्टरच्या चाकाशी, मला पत्रावळ मांडून दिली. पत्रावळीवर नत्थूनं लांबून वाढलं. त्यालाही ते करावं लागलं, आणि तो रडायच्या बेतात होता. पुरणपोळी होती, वडे होते, कढी होती. गोपिकेच्या हाताला चव आहे, खोटं कशाला बोलू. ओसरीवर पंगत बसली होती. मधेच तानबाजींचा भाऊ म्हणाला, पोरगी वाढताना पाहू द्या. गोपिकेनं बेबीला पुढं केलं. ती वाढत गेली, सगळ्यांना आग्रह केला, कुठं सांडलं नाही. मग गोपिका आतून म्हणाली, "बेबी, मिस्तरीले पाणी दे वं." तिनं ते का म्हटलं असेल? सवयीनं म्हटलं असेल. घरात दारच्या माणसाला पाणी देतात.

ती अंगण ओलांडून आली. ओसरीवरचे सगळे डोळे तिच्या मागोमाग आले. मी ओंजळ केली आणि तोंडाशी धरली. तिनं लोटा उंच धरला, माझ्या हातापासून चांगला वर, आणि बारीक, सरळ धार सोडली. कुठं शिकली ती हे? आमच्याच घरी. टपरीसाठी कोळसा घेऊन पुनाजी यायचा, तेव्हा प्रमिला त्याला दारात असंच वरून पाणी घालायची, आणि बेबी तिच्या शेजारी उभी राहून पाहायची. पुरे झालं की पुनाजी मान हलवायचा, मग धार थांबायची. तशी रीतच आहे, पिणाऱ्यानं मान हलवेपर्यंत ओतणाऱ्यानं थांबायचं नाही. मी मान हलवली नाही. तहान केव्हाच भागली होती. पाणी नाकात गेलं, कोपरांवरून ओघळलं, सदरा भिजला. पण जोवर मी मान हलवत नव्हतो तोवर तिला तिथून जाता येत नव्हतं. ती इतकी जवळ होती की तिच्या लुगड्याची नवी खळ मला वासावरून कळत होती. लोटा रिकामा होईपर्यंत ती ओतत राहिली, आणि तिचा हात एकदाही हलला नाही.

"दौलतराव," ओसरीवरून तानबाजींचा आवाज आला, "पोरीले रीत समजते. आमाले पसंत हाय."

घरात एकदम हसण्याचा गलका झाला. साखर आणा, साखर आणा, म्हणून गोपिका ओरडली. प्रमिलेनं बहिणीला मिठी मारली. साखरेची वाटी हातोहात फिरत पाहुण्यांकडून सालदारांपर्यंत आली आणि शेवटी बेबीच्या हातात देऊन कोणीतरी तिला सपराकडे पाठवलं. माझी ओंजळ ओलीच होती. तिनं वरूनच तीत साखर टाकली, आणि वितळून बोटांतून गळायच्या आत मी ती खाल्ली.